सर्पगंधा, परळ आणि आतड्यातले रसायन

उन्मादाचे कारण शोधताना आयुर्वेदाने पोटाचाही विचार केला होता. चरकसंहिता उन्मादाच्या कारणांत विरुद्ध, दूषित आणि अशुचि अन्न सांगते. उपचारांत वमन, विरेचन आणि बस्ती येतात. हा उन्माद म्हणजे नेमका आजचा स्किझोफ्रेनिया नव्हे, त्यात अनेक आजार सामावलेले होते. सर्पगंधेची मुळीही वेडावर पूर्वापार दिली जाई. कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये तिचा उन्माद व रक्तदाब या दोन्हींवरचा गुण नोंदवला.

या मुळीला जगापुढे नेण्याचे मोठे श्रेय परळचे. केईएम रुग्णालयाचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांना ती देऊन आपले निष्कर्ष १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडले. तिकडे बॉस्टनमध्ये रॉबर्ट विल्किन्स यांना मुळीने रक्तदाबाबरोबर मनही शांत होताना दिसले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीने तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढले आणि १९५४ मध्ये नेथन क्लाइन यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या मनोरुग्णांवरचे त्याचे परिणाम प्रसिद्ध केले. १९५७ च्या लास्कर पुरस्काराच्या मानकऱ्यांत वकील आणि क्लाइन दोघेही होते.

आतड्याचा धागा इथेच सापडतो. इटलीच्या व्हित्तोरिओ एर्स्पामर यांना १९३० च्या दशकात आतड्याच्या अस्तरात ‘एंटेरामिन’ मिळाले होते. तेच पुढे सेरोटोनिन ठरले. शरीरातले सुमारे ९० टक्के सेरोटोनिन पचनमार्गातच असते. रेसर्पिन शरीरातले त्याचे साठे रिते करते, हे १९५५ मध्ये अमेरिकेत दिसले. रेसर्पिनने जुलाब आणि आम्लपित्तही होत असे. मेंदूला शांत करणारे औषध पोटालाही ढवळून काढत होते. १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्व्हिड कार्लसन यांनी रेसर्पिनमुळे निपचित पडलेले ससे एल-डोपा (यापासून मेंदूत डोपामिन हे रसायन बनते) देऊन पुन्हा हालते केले. स्किझोफ्रेनियाच्या डोपामिन सिद्धांताची वाट त्या प्रयोगातून निघाली.

क्लोरप्रोमाझिन या मनोविकारावरच्या दुसऱ्या औषधापुढे रेसर्पिन मागे पडले. त्याने काही रुग्णांना नैराश्य येते, असेही मानले जात असे. आता आतड्यातल्या जिवाणूंकडे लक्ष वळले आहे. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत त्यांचे प्रमाण वेगळे आढळते, पण आहार, धूम्रपान आणि औषधेही ते बदलतात. त्यामुळे कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे ठरलेले नाही. स्किझोफ्रेनियावरच्या क्लोझापिन या औषधाने आतड्याची हालचाल मात्र निश्चित मंदावते, आणि त्यातून होणारा बद्धकोष्ठ कधी जिवावरही बेततो. म्हणून हे औषध चालू असताना रुग्णाला शौचाला नीट होते का, याची विचारपूस नेमाने करावी लागते.