आठ वेषांची सुलोचना

सुलोचना कुणाची, यावरून आमच्या घरात आबा आणि आजी यांचं कधीच एकमत झालं नाही. आबा म्हणत, "ती मडम." आजी म्हणे, "मडम कसली? शनवारतेल्यांची पोर ती." आज मराठी घरात सुलोचना म्हटलं की सुलोचनादीदी आठवतात, नाहीतर लावणीच्या सुलोचना चव्हाण. आबांची सुलोचना या दोघींच्या आधीची, मूकपटातली.

आबांना ती दिसली ती धरणामुळे. टाटांच्या धरणाने मुळशी पेट्यातली पन्नासच्या आसपास गावं घेतली. 1921च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला, सेनापती बापट तुरुंगात गेले, 1924पर्यंत लढा मोडून पडला आणि आंबेमोहोराची खाचरं पाण्याखाली गेली. तरण्या पोरांनी मुंबईची वाट धरली, गिरणीत लागली. 1927 साली घाटाखाली भिऱ्याला वीज तयार होऊ लागली आणि तारांवरून मुंबईला निघाली. त्याच वर्षी मोहन भवनानींचा 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे' आला. "आपल्याच पान्यावर पेटलेला दिवा, अन् त्यात ही नाचतीया," असं आबा म्हणत. त्यात राग किती आणि कौतुक किती, हे मला लहानपणी कळत नसे. आता वाटतं, दोन्ही सारखंच होतं.

त्या चित्रपटात तिने आठ भूमिका केल्या होत्या. माळी झाली, पोलीस झाली, हैदराबादी गृहस्थ झाली, रस्त्यावरचं पोर झाली आणि सोनेरी केसांची युरोपियन बाईही झाली. आबा पोलिसाचा वेष करून दाखवत. धोतराचा सोगा वर खोचत, डोईची टोपी कपाळावर ओढत, छाती काढून ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत आणि मग एकदम वळून डोळा बारीक करत. पडद्यावर त्या वळण्याला टाळ्या पडायच्या म्हणे. आवाज नव्हता, त्यामुळे ती कुठल्या भाषेची हा प्रश्न कुणालाच पडत नव्हता. नाव तर कीर्तनातून ओळखीचं, मेघनादाच्या बायकोचं.

तिचं खरं नाव रूबी मायर्स. जन्म 1907, पुणे. चित्रपटात येण्याआधी ती टेलिफोन ऑपरेटर होती. भवनानींनी विचारलं तेव्हा तिने आधी नकारच दिला, कारण चांगल्या घरच्या बाईने ते काम करू नये असाच तो काळ होता. फाळक्यांच्या तारामतीला 1913 साली पुरुषच उभा करावा लागला होता. ज्या जागी आपल्या लेकीबाळींना पाठवायला कुणी धजत नव्हतं, तिथे ज्यू आणि अँग्लो-इंडियन मुली गेल्या, आणि मग त्यांचंच कूळ लोक विचारत बसले, याचा मला आजही राग येतो.

तिला कुणी युरेशियन लिहिलं, कुणी अँग्लो-इंडियन, बरेच जण बगदादी ज्यू लिहितात. आजीचं म्हणणंही हवेतलं नव्हतं. आजीचं माहेर तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, रोह्याकडे. तिथले बेने इस्रायली घाण्यावर तेल काढायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून शनवारतेली, घरात मराठी बोलायचे आणि रोहेकर, पेणकर अशी आडनावं लावायचे. ज्यू म्हणजे तिच्या लेखी तेच. पुण्यातले बगदादी वेगळे. डेव्हिड ससूनने कॅम्पात बांधायला घेतलेलं आणि 1867 साली पुरं झालेलं सिनेगॉग पुणेकर अजून 'लाल देऊळ' म्हणून ओळखतात, ते त्यांचं.

बोलपट आले आणि मौनाची सोय संपली. तिला हिंदुस्तानी नीट येत नव्हती. मग ती भाषा शिकली आणि 1932 साली बोलत्या 'माधुरी'तून परतली. महिना 5000 रुपये पगार होता तिचा. गव्हर्नरापेक्षा जास्त, अशी आवई गिरणगावातही होती. पुढे तिने रूबी पिक्स ही स्वतःची कंपनी काढली. 'अनारकली' तिने दोनदा केली, 1928 साली मूक आणि 1935 साली बोलती. 1953च्या 'अनारकली'त नायिका बीना राय होती आणि सुलोचना झाली सलीमची आई. एकाच कथेत आधी प्रेयसी आणि मग आई व्हायला काय लागत असेल! तिने ते काम नाकारलं नाही, पुढे लहानसहान भूमिकाही केल्या. 1973चा दादासाहेब फाळके पुरस्कार तिला मिळाला. 1983 साली ती मुंबईत गेली.

आबांना कुणी गाव विचारलं की ते तलावाकडे हात करत. त्यांचं गाव कागदावर उरलं होतं, पाण्यावर दिसत नव्हतं, तरी ते मुळशीचेच होते आणि त्यासाठी त्यांना कुणापुढे पुरावा ठेवावा लागला नाही. रूबीलाही तो मागू नये. पुण्याचा चित्रपट-इतिहास आपण प्रभातपासून सांगतो, म्हणजे 1933पासून. त्याआधीच्या पानावर 'सुलोचना ऊर्फ रूबी मायर्स, पुणे' एवढं लिहावं. आणि तुमच्या घरी कुणा आजी-आजोबांनी तिच्याबद्दल काही सांगितलेलं तुम्हाला आठवत असेल, तर तेही लिहून ठेवा.