निळ्या-गुलाबी काचपट्टीचा रंगारी वारसा

ऊतक, म्हणजे समान कार्य करणाऱ्या पेशींचा समूह, सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यातील अडचण केवळ भिंगाची नव्हती. शरीरातून काढलेला तुकडा मऊ असतो, लवकर कुजू लागतो, जाड असताना त्यातून प्रकाश जात नाही आणि पातळ कापला तरी तो जवळजवळ रंगहीन असल्यामुळे पेशी आणि तिचे केंद्रक वेगळे ओळखता येत नाहीत. एकोणिसाव्या शतकात मुख्यतः जर्मन प्रयोगशाळांनी या अडचणी दूर केल्या. त्यांतील रंगाच्या अडचणीचे उत्तर मात्र वैद्यांआधी कापड रंगवणाऱ्यांना ठाऊक होते.

१८५८ मध्ये योसेफ गेरलाख यांनी कोचिनील किड्यांपासून मिळणाऱ्या कार्माइनच्या अतिशय सौम्य द्रावणात मेंदूचे छेद रात्रभर राहू दिले, तेव्हा पेशी स्पष्ट उठून दिसल्या. त्यानंतर लक्ष गेले ते मेक्सिकोतील कांपेचे परिसरातील एका झाडाच्या लाकडाकडे, ज्याचा अर्क युरोपातील रंगारी लोकर आणि रेशमासाठी फार आधीपासून वापरत होते. वाल्डायर यांनी १८६३ मध्ये तो ऊतकावर वापरून पाहिला, पण रंग नीट बसला नाही. १८६५ मध्ये ब्योमर यांनी त्यात तुरटी मिसळली आणि प्रश्न सुटला. तुरटी येथे रंगबंधकाचे, म्हणजे रंग आणि धागा यांना जोडणाऱ्या द्रव्याचे काम करते. मंजिष्ठेचा लाल रंग सुतावर बसवताना भारतातील रंगारीही तीच वापरत असत. हा अर्क, म्हणजे हिमॅटॉक्सिलिन, हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून तुरटीतील ॲल्युमिनियमसह केंद्रकाला निळा रंग देतो. १८७४ च्या सुमारास हाइन्रिख कारो यांनी रंगकारखान्यात तयार केलेले इओसिन पेशीद्रवाला गुलाबी करते, आणि १८७६ मध्ये विसोत्स्की यांनी ही दोन्ही द्रव्ये एकत्र वापरल्यावर आजची परिचित निळी-गुलाबी काचपट्टी सिद्ध झाली.

पातळ छेदांसाठी एडविन क्लेब्ज यांनी १८६९ मध्ये तुकड्याला पॅराफिन मेणाचा आधार दिला, आणि १८८०च्या दशकात मायक्रोटोम या कापणी-यंत्रातून छेदांची सलग फीत निघू लागली.

कामाच्या क्रमात पहिली असणारी पायरी, म्हणजे ऊतक कुजू न देता आहे तसे टिकवणारे स्थिरीकरण, मात्र समाधानकारक रीतीने सर्वांत शेवटी साधली. त्याआधी अल्कोहोल किंवा पोटॅशियम डायक्रोमेटच्या द्रावणांवर भिस्त होती, आणि डायक्रोमेटमध्ये तर तुकडे आठवडेच्या आठवडे ठेवावे लागत. १८९३ मध्ये फ्रांकफुर्ट येथे फर्डिनांड ब्लूम फॉर्माल्डिहाइडची जंतुनाशक शक्ती तपासत असताना त्यांच्या स्वतःच्या बोटांची त्वचा कडक झाली, आणि त्यावरून त्यांनी हे द्रव्य ऊतकावर वापरून पाहिले. योगायोग म्हणावा तर आधीची तपासणी शिस्तीचीच होती.

इओसिन कारखान्यात तयार होते. हिमॅटॉक्सिलिन मात्र आजही झाडाच्याच लाकडातून काढले जाते. १९७०च्या दशकाच्या आरंभी त्याचा तुटवडा पडला तेव्हा पर्यायी रंगद्रव्यांचा शोध घेतला गेला. तुटवडा सरल्यावर बहुतेक प्रयोगशाळांत पुन्हा तोच अर्क वापरात आला.