भोगीची भाजी (पातळ रश्शाची)

संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी. 'न खाई भोगी तो सदा रोगी' ही म्हण आपल्या घरांतून अजून ऐकू येते. हिवाळ्यातले ओले दाणे आणि भाज्या एकत्र शिजवून ही भाजी करतात. तिच्यात दूध-तूप काही नसते. रस्सा पातळ ठेवला तर भोपाळच्या थंडीत वाटीभर नुसताही पिता येतो.

साहित्य (४ जणांसाठी): पावट्याचे दाणे, मटार, ओला हरभरा प्रत्येकी अर्धी वाटी, भिजवलेले शेंगदाणे पाव वाटी, २ गाजरे, १ बटाटा, ४ लहान वांगी, ४-५ बोरे, भाजलेल्या तिळाचे कूट २ मोठे चमचे, गोडा मसाला, तिखट, हळद, हिंग, मोहरी, चिंचेचा कोळ, गूळ, मीठ, तेल.

इथल्या बाजारात पावट्याच्या शेंगा 'बल्लर' किंवा 'सेम' म्हणून मिळतात. दाणे भरलेल्या घ्याव्यात.

कृती: सगळे दाणे व शेंगदाणे आधी मऊ शिजवावेत. तेलात मोहरी, हिंग, हळदीची फोडणी करून भाज्या परताव्यात. शिजलेले दाणे पाण्यासकट घालून ३ वाट्या गरम पाणी, तिखट, मसाला, मीठ घालावे. भाज्या शिजल्यावरच बोरे, चिंच, गूळ घालावा. आंबट आधी पडले तर भाज्या टणक राहतात. शेवटी कूट घालून ५ मिनिटे उकळावे.

ओले पावटे न मिळाल्यास सुके रात्रभर भिजवावेत, ते पाणी टाकून द्यावे आणि नव्या पाण्यात पूर्ण शिजवावेत.

सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. शेंगा सोलायला मुलांना बसवावे. पावटा, हरभरा, बोर ही नावे तिथेच तोंडी बसतात.