मांजरसुंब्याचा चौरस्ता आणि किरायाचा करार

बीड शहराच्या दक्षिणेस, बालाघाटाच्या डोंगररांगेत, धुळे–सोलापूर महामार्गावर मांजरसुंबा वसले आहे. अंबाजोगाई–केजकडून पाटोद्याकडे जाणारा रस्ता येथे महामार्गास छेदतो. कपिलधारचे मन्मथस्वामींचे समाधिस्थानही जवळच आहे. अशा ठिकाणी कोरडवाहू शेतीपेक्षा रस्त्याकडेच्या गाळ्याचे उत्पन्न अधिक भरवशाचे वाटावे, हे स्वाभाविक होय. जमीन एकाची, तीवरील लोखंडी सांगाडा व पत्रे दुसऱ्याचे, आणि आतील चहाचा किंवा पंक्चरचा धंदा कित्येकदा तिसऱ्याचाच, ही रचना महाराष्ट्रातील कोणत्याही चौरस्त्यावर आढळते. करार बहुधा तोंडी असतो. तंटा उभा राहतो तो जागा सोडण्याच्या दिवशी: पत्रे कोणाचे?

हा प्रश्न पुरातन आहे. दुसऱ्याच्या भूमीवर घर बांधून जो तिचे भाडे भरतो, त्याने निघून जाताना गवत, लाकूड, विटा बरोबर न्याव्यात, असा निर्णय नारदस्मृतीने दिला आहे. भाडे न देता, मालकाच्या इच्छेविरुद्ध राहणाऱ्यास मात्र ही मुभा नाही. येथे भाड्यासाठी ‘स्तोम’ हा शब्द योजिला आहे. कौटिल्याचा शब्द ‘अवक्रय’ असा आहे. भाडे देणाऱ्यास सबळ कारणाविना हुसकून लावणारा मालक आणि मनाई असताही राहणारा रहिवासी, या दोघांनाही त्याने बारा पण दंड सांगितला असून, जो आपण होऊन जागा सोडील त्याने वर्षाचे उरलेले भाडे चुकते करावे, असेही म्हटले आहे.

स्तोम आणि अवक्रय हे दोन्ही शब्द मराठीत टिकले नाहीत. टिकला तो संस्कृत ‘भाटक’ याच्या कुळातील ‘भाडे’. मराठवाड्यात त्याच्या जोडीला मूळ अरबी ‘किराया’ फारसी-उर्दूच्या द्वारे आला आणि निजामी राजवटीतील उर्दू दप्तरामुळे ‘किरायानामा’ या कागदाच्या रूपाने स्थिर झाला. ‘किरायदार’ यातील ‘दार’ म्हणजे धारण करणारा. स्वामित्व एकाकडे व धारणा दुसऱ्याकडे, हा भाडेविषयक कायद्याचा सगळा कलह त्या प्रत्ययात सामावला आहे, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु व्युत्पत्तीवर कायदा उभारता येत नाही.

कायद्याचा इतिहास प्रदेशपरत्वे भिन्न आहे. पश्चिम महाराष्ट्रात १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा, विदर्भात १९४९ चा मध्यप्रांत-वऱ्हाडचा आदेश, तर मराठवाड्यात १९५४ चा हैदराबादचा कायदा, अशी त्रिविध व्यवस्था राज्यनिर्मितीनंतरही चार दशके चालू राहिली. मुंबईत भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठविले गेले. त्याचे फळ म्हणून मालकांनी दुरुस्तीकडे पाठ फिरविली आणि पागडी बोकाळली. ही गोठवणूक अवाजवी झाल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये म्हटले. महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला आणि तिन्ही जुन्या व्यवस्था संपल्या.

हा अधिनियम मात्र अनुसूचित क्षेत्रांपुरताच आहे. जेथे तो लागू नाही तेथे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण अधिनियमच आधार. त्याच्या कलम १०६ नुसार, करार वा रूढी वेगळी नसल्यास, दुकानाचा पट्टा महिनेवारी समजला जातो व पंधरा दिवसांच्या नोटिशीने संपविता येतो. कलम १०७ प्रमाणे एका वर्षाहून अधिक मुदतीच्या पट्ट्यास नोंदणी आवश्यक. ‘अकरा महिन्यांचा करार’ हा रूढ प्रघात याच तरतुदीला बगल देण्यासाठी पडला. नव्या अधिनियमाच्या कलम ५५ ने, जेथे तो लागू आहे तेथे, अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्सचा करारसुद्धा लेखी व नोंदलेला असावा, अशी सक्ती केली आणि ती जबाबदारी मालकावर टाकली. नोंदणी नसेल तर विरुद्ध सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. प्रयोजन सरले तरी अकरा महिन्यांची सवय सुटली नाही. मुद्रांक व नोंदणीचा खर्च वाचविणारा मालक आपलाच पुरावा गमावून बसतो.

पत्र्यांच्या बाबतीत १८८२ च्या अधिनियमाचे कलम १०८ नारदाच्या फार दूर जात नाही. जागा आपल्या ताब्यात आहे तोवर पट्टेदाराने जमिनीस जोडलेल्या स्वतःच्या वस्तू काढून न्याव्यात, मात्र जागा मूळ स्थितीत सोडावी. करारात किंवा स्थानिक रूढीत याविरुद्ध काही असल्यास ते प्रमाण. तोंडी व्यवहारात करार कोणता आणि रूढी कोणती, याविषयी दोघे दोन गोष्टी सांगतात.

महामार्ग चौपदरी होऊ लागला की या अस्पष्टतेची किंमत रुपयांत मोजावी लागते. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ च्या कलम ३-जी अन्वये भरपाई ठरविताना जमिनीच्या बाजारभावाबरोबर धंद्याची जागा बदलण्याचा वाजवी खर्चही विचारात घ्यावा लागतो. त्यामुळे एकाच गाळ्यावर जमीनमालक, पत्र्यांचा धनी आणि आत व्यवसाय करणारा असे तीन हक्कदार पुढे येऊ शकतात. वाटणीविषयी वाद झाल्यास सक्षम प्राधिकाऱ्याने तो मुख्य दिवाणी न्यायालयाकडे पाठवावा, असे कलम ३-एच सांगते. तेथे तिघांपैकी ज्याच्या हाती किरायानामा नाही, त्याला वीजबिल, पावत्या आणि शेजाऱ्यांच्या साक्षी यांवरच आपली बाजू मांडावी लागते.