पिदहिर्त्सी येथील वाडा, उद्यान व ख्रिस्तमंदिरें

युक्रेनमधील ल्वीव्ह शहराच्या पूर्वेस सुमारें ५० मैलांवर पिदहिर्त्सी नांवाचें खेडें आहे. पोलिश कागदांत त्याचें नांव पोडहोर्त्से असें येतें. शोधकांनीं हीं दोन्ही रूपें ध्यानांत ठेविलीं पाहिजेत. वास्तु, वस्तु व कागद यांची ताटातूट झाली म्हणजे इतिहासाची काय अवस्था होते, याचें हें स्थळ ठळक उदाहरण असल्यामुळें त्याची हकीकत आम्ही येथें संक्षेपानें देत आहों.

स्थळ प्राचीन आहे. गांवालगत प्लिस्नेस्क नामक मध्ययुगीन कोटाचे अवशेष असून, त्याचा उल्लेख रूस देशाच्या जुन्या वृत्तांतग्रंथांत इ. स. ११८८ च्या प्रसंगांत आढळतो. त्याच्याच परिसरांत बासिलियन संन्याशांचा मठ आहे.

वाडा बांधविला तो पोलंडचा सरसेनापति स्तानिस्लाव कोनिएत्सपोल्स्की यानें, इ. स. १६३५ ते १६४० या अवधींत. उत्तरेस टेंकडीचा उतार व इतर तीन बाजूंस खंदक, बुरूज आणि तटाच्या पोटांतील ओवऱ्या अशी रचना आहे. उतारावर इटालियन पद्धतीचें पायऱ्यापायऱ्यांचें उद्यान केलें होतें. महाद्वारावरील लॅटिन लेखाचा आशय असा कीं, युद्धश्रमाचें फळ विजय, विजयाचें फळ जयोत्सव व जयोत्सवाचें फळ विश्रांति. ती विश्रांति धन्यास फार काळ लाभली नाहीं. तो १६४६ सालीं वारला आणि १६४८ सालीं ख्मेल्नित्स्कीचें बंड उसळलें.

तटबंदीचें श्रेय फ्रेंच स्थपति बोप्लां यास, तसेंच इटालियन आंद्रेआ देल्लाक्वा यासही देण्यांत येतें. बोप्लां कोनिएत्सपोल्स्कीच्या पदरीं होता व नीपर नदीवरील कोडाक किल्ला त्यानेंच १६३५ सालीं उभारिला, एवढें निश्चित आहे. परंतु तेवढ्यावरून हा वाडाही त्याचाच, असें अनुमान काढणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. साहचर्य म्हणजे पुरावा नव्हे.

पुढें सोबिएस्की घराण्याच्या हातून ही जागा अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत झेवुस्की घराण्याकडे आली. त्यांतील वात्स्लाव झेवुस्की हा स्वतः नाटककार व कलांचा आश्रयदाता होता. त्यानें वाड्यावर मजला चढविला आणि १७५२ ते १७६६ पर्यंत संत योसेफाचें गोल घुमटी मंदिर बांधविलें. वाड्यापासून मंदिरापर्यंत लिंडन वृक्षांची सरळ वीथिका असून, मंदिरासमोर दोन उंच स्तंभांवर मेरी व योसेफ यांच्या मूर्ति आहेत. पहिल्या धन्याचा रोख संरक्षणाकडे, तर दुसऱ्याचा भक्ति व वैभव यांकडे होता, हें या रचनेवरूनच उघड होतें. मंदिर पुरें झाल्यावर वर्षभरांतच, १७६७ सालीं, वात्स्लाव रशियनांच्या कैदेंत पडून कालुगा येथें गेला. तो १७७३ सालीं सुटला.

१८६५ सालीं वाडा सांगुश्को घराण्याकडे गेला. १९३९ सालीं युद्ध पेटतांच रोमान सांगुश्को यानें निवडक मौल्यवान वस्तु रुमानियामार्गें ब्राझीलला नेल्या; बाकीच्या इतरत्र विखुरल्या. घराण्याचें पोडहोर्त्सेचें दप्तर क्राकूवच्या सरकारी दप्तरखान्यांत आहे. सोव्हिएत अमदानींत वाड्यांत क्षयरोग्यांचें आरोग्यधाम होतें. १९५६ सालीं वीज पडून लागलेल्या आगींत आंतील भाग जळाला. १९९७ पासून वाडा ल्वीव्हच्या कलासंग्रहालयाकडे असून, संत योसेफाचें मंदिर आतां ग्रीक-कॅथलिक पंथीयांकडे आहे.

सारांश, भिंती युक्रेनांत, कागद पोलंडांत व वस्तु देशोदेशीं, अशी ही त्रिस्थळी झाली आहे. जळालेल्या दालनांचा जीर्णोद्धार करावयाचा तर कोणत्या दालनांत काय होतें, हें भिंती सांगणार नाहींत. जुन्या यादीच सांगतील. म्हणून संग्राहकांस आमची विनंति अशी कीं, वस्तु घेतांना तिच्याबरोबरचा फाटका कागदही टाकूं नये. वस्तूचें मोल बाजार ठरवितो; तिचें कुलगोत्र मात्र तो कागदच सांगतो.