दिवगीकर, सुशांत (राणी कोहेनूर)
(जन्म : 1990, मुंबई). गायक, अभिनेते आणि ड्रॅग (रंगमंचावर भडक स्त्रीवेष व रूप घेऊन केलेले सादरीकरण) कलाकार. जुलै 2014 मध्ये 'मिस्टर गे इंडिया' किताब मिळाला आणि त्याच वर्षी हिंदी 'बिग बॉस'च्या आठव्या पर्वात त्यांनी प्रवेश केला. समलिंगी असल्याचे न लपवता तिथे वावरणे, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम 377 कायद्यात असताना, धैर्याचे होते.

त्यांची खरी ओळख घडली ती 'राणी कोहेनूर' या रंगमंचीय रूपातून. 2018 मध्ये झी टीव्हीवरील 'सा रे ग म प'च्या मंचावर हे रूप घेऊन ते आले आणि पुरुषी व स्त्री अशा दोन्ही आवाजांत गायले. सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या परस्परसंमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्ह्यातून वगळले, ते त्याच वर्षीच्या 6 सप्टेंबरला. घराघरांत पाहिल्या जाणाऱ्या संगीतस्पर्धेत ड्रॅग पोहोचले, हे या कारकिर्दीतले सर्वांत मोलाचे काम मानावे लागेल.

डिसेंबर 2021 मध्ये सुरू झालेल्या 'क्वीन ऑफ द युनिव्हर्स' या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. ड्रॅगच्या इतर स्पर्धांत ध्वनिमुद्रित गाण्यावर ओठ हलवण्याची रीत रूढ आहे. येथे मात्र स्वतःच्या गळ्याने गावे लागे. मराठी रसिकाला ही अट परकी वाटू नये : 1905 मध्ये किर्लोस्कर मंडळीत दाखल झालेले बालगंधर्व स्त्रीभूमिकेत स्वतःच गात, आणि 1964 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.