क्रिकेटचा महाराष्ट्र आणि सोलापूरचे ‘आपण’

मराठी शिकवणाऱ्या प्रत्येकाला ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला भेद कधी ना कधी फळ्यावर मांडावा लागतो. ‘आम्ही’मध्ये ऐकणारा नसतो, ‘आपण’मध्ये असतो. व्याकरणात एवढे सांगून पुढे जाता येते; व्यवहारात मात्र ‘आपण’ कोणाकोणाला सामावून घेते, हा प्रश्न सहजी मिटत नाही. खेळाच्या चाहत्यांच्या बोलण्यात तर तो प्रत्येक वाक्याला उभा राहतो. मैदानावर अकरा जण खेळतात, धावा ते काढतात, झेल ते सोडतात, आणि कट्ट्यावर बसलेला माणूस म्हणतो, ‘आपण जिंकलो.’ या ‘आपण’चा इतिहास लिहायचा झाल्यास सोलापूरसारखे दुसरे शहर सापडणे कठीण. त्या इतिहासातला सर्वांत अडचणीचा प्रसंग २०१४ च्या जानेवारीत आला. महाराष्ट्राचा रणजी संघ त्या महिन्यात कोणाच्या ध्यानीमनी नसताना अंतिम फेरीपर्यंत जाऊन पोहोचला.

या प्रसंगाची मुळे मागे शोधावी लागतात. महाराष्ट्र नावाचा क्रिकेट संघ महाराष्ट्र नावाच्या राज्याहून पंचवीस वर्षांनी मोठा आहे. रणजी करंडकाची स्पर्धा १९३४-३५ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून हा संघ खेळतो आहे. राज्य १ मे १९६० रोजी आले. स्पर्धा सुरू झाली तेव्हा मुंबई इलाखा हा प्रशासनाच्या दृष्टीने एकच प्रांत होता, पण क्रिकेटमध्ये त्याचे मुंबई, महाराष्ट्र, गुजरात, सिंध असे वेगवेगळे संघ झाले. वऱ्हाड आणि नागपूरकडचा भाग मध्य प्रांताच्या संघाकडे होता, तेथून पुढे १९५७-५८ मध्ये विदर्भाचा स्वतंत्र संघ उभा राहिला. काँग्रेसने १९२० नंतर भाषावार प्रांतिक समित्या केल्या, त्यांतही मुंबई शहर वेगळे, महाराष्ट्र वेगळा, वऱ्हाड वेगळा. दोन्ही नकाशे शेजारी ठेवले तर त्यांतले साम्य विलक्षण वाटते. एकावरून दुसरा काढला असे म्हणण्याचे कारण नाही. मुंबई शहराला आपल्या पाठीमागच्या मुलखापासून वेगळे मोजायचे, ही त्या काळाची सवयच असावी.

पुढचा विरोधाभास असा की ही सवय राजकारणाने मोडली आणि क्रिकेटने जपली. १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याचा प्रस्ताव आला तेव्हा मराठी मुलूख रस्त्यावर उतरला. मुंबईवाचून महाराष्ट्र ही कल्पनाच लोकांना असह्य झाली. चळवळ जिंकली, राज्य झाले, विदर्भही आला. पण रणजी करंडकातला महाराष्ट्र जसा होता तसाच राहिला: मुंबईवाचून आणि विदर्भावाचून. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याने जो नकाशा धुडकावला तो दर हिवाळ्यात क्रिकेटच्या गुणफलकावर निमूटपणे पुन्हा काढला जातो, आणि त्यावर आजवर कोणी मोर्चा काढलेला नाही. सोलापूरचा चाहता इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्याचा प्रजाजन होता आणि क्रिकेटमध्ये महाराष्ट्राचा होता. १९६० नंतर मुंबई त्याची राजधानी झाली, पण मुंबईचा संघ काही त्याचा झाला नाही.

अर्थात, कागदावर झाला नाही. मनात तो कधीचाच झाला होता. त्याची कारणे उघड आहेत. महाराष्ट्राचा संघ जिंकत होता तो काळ फार मागे पडला होता. दि. ब. देवधर हे पुण्याच्या स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवणारे प्राध्यापक. त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असा ओळीने दोनदा करंडक जिंकला. त्यांतल्या पहिल्या हंगामात विजय हजारे यांनी बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या. भारतीय फलंदाजाचे ते पहिले त्रिशतक. दुसऱ्या हंगामात मुंबईविरुद्ध महाराष्ट्राच्या ६७५ धावा झाल्या आणि मुंबईच्या ६५०. त्या ६७५ पैकी २४६ एकट्या देवधरांच्या होत्या, आणि वय होते पन्नाशीला टेकलेले. संस्कृतच्या प्राध्यापकांविषयी विद्यार्थ्यांच्या मनात जे समज असतात त्यांना यापेक्षा मोठा धक्का मराठी प्रदेशात क्वचितच कोणी दिला असेल.

त्यानंतर मात्र महाराष्ट्राच्या वाट्याला आले ते विक्रम. करंडक आला नाही. १९४८ च्या डिसेंबरात भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ वर पोहोचले. ब्रॅडमनच्या ४५२ या तेव्हाच्या जागतिक विक्रमाला अवघ्या नऊ धावा कमी असताना प्रतिस्पर्ध्यांनी सामना सोडून दिला. त्याच हंगामात पुण्याला मुंबईविरुद्धचा उपांत्य सामना झाला. मुंबईच्या ६५१ आणि ८ बाद ७१४, महाराष्ट्राच्या ४०७ आणि ६०४. एकूण २,३७६ धावांचा तो सामना. शेवटच्या डावात सहाशे धावा काढून महाराष्ट्र ३५४ धावांनी हरला. हरण्याच्या या तऱ्हेला काय म्हणावे ते समजत नाही. १९७१ च्या अंतिम सामन्यात तर मुंबईचे वाडेकर, गावसकर, सरदेसाई, सोलकर हे सगळे वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर गेले होते. चंदू बोर्डे यांचा महाराष्ट्र आता नाही तर कधीच नाही अशा स्थितीत होता, आणि सुधीर नाईक यांच्या दुय्यम म्हणवल्या जाणाऱ्या मुंबईने तो ४८ धावांनी जिंकला. १९९२-९३ ला लुधियानात पंजाबकडून पराभव झाला. मुंबईने मधल्या काळात १९५८-५९ ते १९७२-७३ असा सलग पंधरा वर्षे करंडक आपल्या घरी ठेवला होता.

अशा स्थितीत सोलापूरच्या माणसाने कोणाला आपले म्हणावे? पॉली उम्रीगर यांचेच उदाहरण घ्या. त्यांचे बालपण सोलापुरात गेले, शाळकरी वयात कुटुंबाबरोबर ते मुंबईला आले. पुढे ते भारताचे कर्णधार झाले, मुंबईचे कर्णधार झाले, आणि कसोटीत द्विशतक काढणारे पहिले भारतीय झाले. न्यूझीलंडविरुद्धच्या त्या २२३ धावा १९५५ साली हैदराबादला निघाल्या. संदर्भग्रंथांत त्यांचे जन्मस्थान कोठे सोलापूर छापलेले असते, कोठे मुंबई. एका पारशी खेळाडूच्या जन्मस्थानाविषयीचा हा घोळ मला शहराच्याच गोष्टीसारखा वाटतो. सोलापूरने माणूस दिला, नाव मुंबईचे झाले, आणि सोलापूरकराने त्यात तक्रार करण्याजोगे काही मानले नाही. मुंबई जिंकली की तोही म्हणत राहिला, आपण जिंकलो.

२०१३-१४ च्या हंगामाने हा जुना समझोता अडचणीत आणला. स्पर्धेत तेव्हा नऊ-नऊ संघांचे तीन गट होते. पहिल्या दोन गटांतून तीन-तीन आणि तिसऱ्या, म्हणजे दुबळ्या मानल्या गेलेल्या गटातून दोन संघ बाद फेरीत जायचे. महाराष्ट्र या तिसऱ्या गटात होता. तेथून जम्मू-काश्मीरबरोबर तो बाद फेरीत आला. केदार जाधव यांनी त्या हंगामात सहा शतकांसह १,२२३ धावा केल्या. स्पर्धेत इतक्या दुसऱ्या कोणाच्या नव्हत्या. तरी चाहत्यांच्या चर्चेत अशा वेळी हमखास निघणारा मुद्दा निघण्यासारखाच होता: तिसऱ्या गटातल्या धावांना किती किंमत द्यायची? उपांत्यपूर्व फेरीत समोर मुंबई आली, गतविजेती, चाळीस करंडकांची मालकीण, आणि तीही वानखेडेवर.

पहिल्या डावात मुंबईच्या ४०२, महाराष्ट्राच्या २८०. येथपर्यंत सगळे जुन्या वहिवाटीप्रमाणे चालले होते. मग मुंबईचा दुसरा डाव १२९ धावांत संपला. विजयासाठी २५२ धावा हव्या होत्या. केदार जाधव नाबाद १२०, जालन्याचा विजय झोल नाबाद ९१, आणि महाराष्ट्र आठ गडी राखून जिंकला. तारीख होती ११ जानेवारी.

सोलापुरात ते दिवस सिद्धेश्वराच्या यात्रेचे, गड्ड्याचे. बाराव्या शतकात कन्नडात वचने रचणाऱ्या सिद्धरामांची ही यात्रा. नंदीध्वजांच्या मिरवणुकीत चालणाऱ्या गर्दीत मराठी, कन्नड, तेलुगू तिन्ही भाषा कानावर पडतात. क्रिकेटवर बोलायला याहून चांगली गर्दी कोणती? या विजयाने चाहत्याच्या व्याकरणात काय घडवले ते पाहण्यासारखे आहे. ‘आपण मुंबईला हरवलं’ हे वाक्य उच्चारताच, कालपर्यंत ‘आपण’मध्ये बसलेली मुंबई त्यातून उठून कर्मस्थानी जाते. सचिन तेंडुलकरची निवृत्ती जेमतेम दोन महिन्यांपूर्वीची. तो खेळला तोवर मुंबईचा माणूस म्हणजे आपला माणूस, यात कोणाला शंका नव्हती. आता त्याच मैदानावर त्याचाच संघ हरला आणि आनंद झाला. हा आनंद परक्याला हरवल्याचा नव्हता. शहरात नोकरीला गेलेल्या, दिवाळीला येऊन सगळ्यांना शहाणपण शिकवणाऱ्या थोरल्या भावाला कुस्तीत चितपट केल्यावर धाकट्याला जे वाटते, ते त्यात अधिक होते. आणि हा धाकटा केवळ पुण्याचा नव्हता, हेही महत्त्वाचे. झोल जालन्याचा, अंकित बावणे पैठणचा. पुण्याच्या संघाला महाराष्ट्र म्हणायचे ही जुनी कुरबुर त्यामुळे थोडी निवली.

उपांत्य सामन्यात इंदूरला बंगालचा दहा गडी राखून पराभव झाला. यावर फार बोलण्यासारखे नाही. एकतर्फी विजय चर्चेला नेहमीच निकामी असतात.

अंतिम सामना मात्र जणू सोलापूरला समोर ठेवून आखावा तसा ठरला. एका बाजूला महाराष्ट्र, दुसऱ्या बाजूला कर्नाटक, आणि मैदान हैदराबादचे. ज्या शहरात मराठी ही राज्याची भाषा, कन्नड ही ग्रामदैवताच्या आद्य भक्तीची आणि हजारो घरांची भाषा, आणि पूर्व भागातल्या मागांवर चादरी व टॉवेल विणणाऱ्या पद्मशाली वस्त्यांची भाषा तेलुगू, त्या शहराचे तिन्ही कोपरे एका सामन्यात आले. महाजन आयोगाने १९६७ मध्ये अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर कर्नाटकाला द्यावेत अशी शिफारस केली होती, तिची आठवण या भागात पुसलेली नाही. घरात कन्नड बोलणाऱ्या सोलापूरकराने या सामन्यात कोणाच्या बाजूने बसायचे, असा प्रश्न बाहेरच्या माणसाला पडतो. आतल्या माणसाला तो या रूपात पडत नाही. भाषा आणि संघ यांची गाठ आपण समजतो तितकी घट्ट नसते. कर्नाटकाकडून राहुल द्रविड खेळत असताना इंदूरला जन्मलेला हा मराठी घरातला फलंदाज कोणाचा, यावर मराठी चाहत्यांनी काय कमी हक्क सांगितला? आडनाव आपले, संघ त्यांचा, आणि वाद रंगवायला दोन्ही सोयीचे.

येथे एक भाषिक योगायोग सांगण्याचा मोह आवरत नाही. ऐकणाऱ्याला धरून आणि वगळून अशी ‘आम्ही-आपण’ची जोडी हिंदीत नाही, बंगालीत नाही. द्राविड भाषांत मात्र ती आहे, आणि मराठीत ती त्यांच्या सहवासातून आली असावी असे अनेक अभ्यासक मानतात. तेलुगूत ‘मेमु’ म्हणजे आम्ही, ‘मनमु’ म्हणजे आपण. जुन्या कन्नडात असा भेद होता; आजच्या कन्नडात दोहोंसाठी एकच ‘नावु’ उरले आहे. म्हणजे महाराष्ट्राच्या विजयावर ‘आपण जिंकलो’ म्हणणारा अभिमानी मराठी चाहता जो शब्द वापरतो, त्याच्या अर्थाची घडण बहुधा शेजाऱ्यांकडून उसनी आणलेली आहे. सोलापूरच्या विणकराला यात नवल वाटू नये. उभा धागा कोठला आणि आडवा कोठला, हे कापड विणून झाल्यावर कोणी विचारत नाही.

सामना २९ जानेवारीला सुरू झाला. महाराष्ट्राच्या ३०५. त्यावर के. एल. राहुल आणि गणेश सतीश यांच्या शतकांच्या बळावर कर्नाटकाच्या ५१५. येथे सामना गेला, असे आज सरळ म्हणता येते. त्या वेळी तसे म्हणणे चाहत्याच्या धर्माविरुद्ध होते. दुसऱ्या डावात महाराष्ट्राने ३६६ केल्या आणि १५७ चे लक्ष्य ठेवले. कर्नाटकाने ते तीन गडी गमावून गाठले. २ फेब्रुवारीला रोहित मोटवानी यांच्या संघाचा प्रवास संपला. देवधरांनंतरची त्र्याहत्तर वर्षे त्यामुळे चौऱ्याहत्तर होणार होती.

त्यानंतरची चर्चा ‘जर-तर’ची. तिला साहित्यप्रकाराचा दर्जा द्यावा इतकी ती मराठीत मुरलेली आहे. पानिपतावर ती दोनशे साठहून अधिक वर्षे चालू आहे. तिचे वैशिष्ट्य असे की तिच्यात पराभव नाकारला जात नाही, फक्त तो अटळ नव्हता एवढेच सिद्ध करायचे असते. विजयावर मात्र अशी चर्चा होत नाही. वानखेडेवरचा विजय अटळ नव्हता, मुंबईचा दुसरा डाव एखाद्या तासाने लांबता तरी चित्र पालटले असते, हे कोणी उगाळत बसत नाही. इतिहासकाराने खरे तर दोन्हीकडे सारखेच ‘जर’ वापरायला हवेत. चाहता ते फक्त एकीकडे वापरतो, आणि म्हणूनच तो चाहता.

पुढे २०१७-१८ आणि २०१८-१९ मध्ये विदर्भाने ओळीने दोनदा करंडक जिंकला. मार्गदर्शक चंद्रकांत पंडित आणि अनुभवी फलंदाज वसीम जाफर, दोघेही मुंबईत घडलेले. राज्याच्या नकाशात पाहिले तर हा महाराष्ट्राचाच विजय. सोलापुरात त्यावर कौतुक झाले असेल, पण ‘आपण जिंकलो’ म्हणायला जीभ थोडी अडखळावी असा तो होता. नागपूर करारानंतर इतक्या वर्षांनी ‘आपण’च्या कडा कोठे उसवलेल्या आहेत, हे अशा अडखळण्यातून जितके कळते तितके विधिमंडळाच्या कामकाजातून कळत नाही.

२०२४ च्या जानेवारीत रणजीचा सामना दीर्घ खंडानंतर पुन्हा सोलापुरात झाला, इंदिरा गांधी स्टेडियमवर, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या पार्क मैदानावर. महाराष्ट्रासमोर मणिपूरचा संघ होता. मुंबईसारखा थोरला भाऊ नाही, कर्नाटकासारखा शेजारी नाही, हैदराबादसारखे आजोळ नाही. कोणाला टाळी द्यायची, याचा त्या वेळी कोणालाच विचार करावा लागला नाही.